कादंबरीचं पारायण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पुस्तक द्यायचं, ही अक्कल माझी. आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात आता भाजी करपली तरी बोलणं ह्याच पुस्तकावर येऊन थांबतं. वंदना, म्हणजे आमची मंडळी, स्टीलच्या वाट्या द्या म्हणत होती. तिनं दुकानात जाऊन वाट्या पसंतबी करून ठेवल्या होत्या. पण त्याच्या थोडंच आधी ऑफिसात मी 'घरोघरी पुस्तक' ह्या विषयावर भाषण ठोकलं होतं, अन् लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. चहा आला म्हणून वाजवतात तसल्या न्हाई, खऱ्या. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं असं वंदनाचं म्हणणं.

"आपल्या परतूरच्या बायकांकडं वाट्या काय कमी हायेत का?" मी म्हणलं. "वाटी देणार, तिच्यात कुणीतरी लसणाची चटणी ठेवणार, झालं. पुस्तकातून विचार मिळतो."

"अन् चटणी कशात ठेवायची?" वंदना म्हणाली.

मी सरळ जालन्याला गेलो, पुस्तक प्रदर्शनात शिरलो अन् एकाच कादंबरीच्या प्रतींचा गठ्ठा बांधून घेऊन आलो. नाव, 'अक्षता जरा थांबवा'. कव्हरवर मुंडावळ्या बांधलेली नवरी, मागं झेंडूच्या माळा. आमचं लग्नघर. यशश्रीची, म्हणजे आमच्या एकुलत्या एक पोरीची, सोयरीक दिवाळीनंतर अंकुशनगरच्या काकासाहेबांच्या मिथुनशी जमली होती. लग्नघरात लग्नाचं पुस्तक, ह्याच्यापेक्षा बराबर निवड दुसरी कोणती असणार? मागच्या बाजूला 'खुसखुशीत प्रेमकथा' असं छापलेलं होतं, ते मी वाचलं न्हाई असं न्हाई. वाचलं. पण मला वाटलं लग्न ठरलेल्यांचंच प्रेम असंल. आत उघडून बघायचं सुचलं न्हाई. भाषण करणाऱ्याला वाचायला वेळ कुठून मिळणार?

हळदीकुंकू दणक्यात झालं. गल्लीतल्या झाडून सगळ्या आल्या. आमच्या होणाऱ्या विहीणबाई, उषाबाई, खास अंकुशनगरहून आल्या. काकासाहेब तिथल्या साखर कारखान्यात टाईम ऑफिसला, म्हणजे कामगारांची हजेरी मांडायला, मिथुन तिथंच केमिस्ट. चांगलं घर, शेती हाय, पोरगं निर्व्यसनी. एप्रिलातली तारीख धरलेली, मंगल कार्यालय सांगून ठेवलेलं, पत्रिका छापायला गेलेली. उषाबाईंनी पुस्तक हातात घेतलं, कपाळाला लावलं, पिशवीत ठेवलं. "पाव्हण्यांनी लई शोभंल असं वाण दिलं," म्हणाल्या. मी वंदनाकडं बघितलं. ती तिळगुळाचे डबे मोजल्यासारखं करत होती.

दोन-चार दिवस शांतता होती. मंग एका सकाळी शेजारचे अण्णासाहेब फाटकातून आत आले ते चपला न काढताच. अण्णासाहेब माझ्याच ऑफिसात, वीस वर्षांचा शेजार, कधी आवाज चढवून बोलला न्हाई माणूस.

"अंगदराव, तुम्ही आमच्या घरात काय देऊन ठेवलंय?"

"कामून? काय झालं?"

"दैवशाला मला म्हणती, लग्नाला इतकी वर्षं झाली, तुम्ही एकदा तरी विचारलं का, तुझ्या मनात काय हाय?"

"मंग विचारायचं की."

"विचारलं ना! तर म्हणली, सांगायला आठवडा लागंल, रजा टाका."

मी हसलो. ते माझं शेवटचं हसू. कारण दुपारी वंदनाच्या मोबाईलवर बघतो तर पलीकडच्या शरयूवहिनींनी 'वाणवाचक' नावाचा ग्रुप काढलेला, अन् त्यात बायका आवाजातले मेसेज पाठवून राह्यल्यात. कुणी रडून राह्यलं, कुणी हसून राह्यलं. 'तो चहा करून आणतो तिथं मी पुस्तक बंद करून बसले बाई.' 'आमच्या ह्यांना गॅस कुठून पेटतो ते माहीत न्हाई.' 'डॉक्टरची मला तर दया आली.' 'दया कसली, डॉक्टर म्हणजे नुसता खांब.' अन् दैवशालावहिनींचा भला मोठा मेसेज, त्यात शेवटी हुंदका: 'पण मांडवातून असं ड्रोनवाल्याच्या मागं जायचं म्हणजे!'

मांडवातून? ड्रोनवाल्याच्या मागं?

मी वंदनाला विचारलं, हे काय हाय. ती म्हणाली, "तुम्हीच आणलंय, तुम्हाला माहीत असंल." मंग मी आमच्या घरची प्रत घेऊन बाथरूमच्या बाहेरच्या कट्ट्यावर बसलो. गोष्ट अशी. रेवा नावाची पोरगी. तिची सोयरीक एका डॉक्टरशी जमते. घर चांगलं, पोरगं निर्व्यसनी. लग्नाचं शूटिंग करायला ड्रोनवाला येतो. तो तिला चहा करून देतो अन् विचारतो, तुझ्या मनात काय आहे. एवढ्यावरच पोरगी गारद. मुहूर्ताला लोक हातात अक्षता घेऊन उभे, अन् रेवा मुंडावळ्यांसकट त्याच्या गाडीवर बसून पसार! तिथं मी पुस्तक मिटलं. पुढं वाचायची माझी छाती झाली न्हाई. अजून पानं होती, पण पळून गेलेल्या पोरीचं पुढं काय असतं? पोलीस स्टेशन असतं.

यशश्रीच्या हाती लागू नये म्हणून ती प्रत मी ऑफिसच्या कपाटात नेऊन कुलपात घातली. यशश्री जालन्याला बियाण्याच्या कंपनीत नोकरीला, शनिवारी घरी येते. तिला फोन करून सहज विचारलं, "बेटा, काय वाचतीस का आजकाल?" ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही वाणात दिलेलं पुस्तक मी हळदीकुंकवाच्या दिवशीच वाचून काढलं." कसं वाटलं ते मी विचारलं न्हाई. काय विचारणार?

त्याच संध्याकाळी अंकुशनगरहून उषाबाईंचा फोन. इकडच्या तिकडच्या गोष्टी न करता म्हणाल्या, "पाव्हणे, एक सांगायचं होतं. लग्नात ड्रोन नको."

म्हणजे वाचलं! वाचलं अन् मनात पाल चुकचुकली. आज ड्रोन नको, उद्या सोयरीक नको. ज्या घरानं असलं पुस्तक सासूच्या हातात दिलं, त्या घरची पोरगी कशी असंल, असं कुणीबी म्हणंल. मीच म्हणलो असतो. आमच्या नात्यात एकदा मोडलेली सोयरीक लोक पोरीच्या लेकराच्या बारशातबी सांगतात. माझी यशश्री लोकांच्या तोंडी, अन् ती पण माझ्या पैशानं आणलेल्या वाणापायी! त्या दिवसापासून माझा एक पाय फाटकात अन् एक गच्चीवर.

वंदनाला म्हणलं, "आता तू तरी सांग, तुझ्या मनात काय हाय?"

"वाट्या," ती म्हणाली.

शेवटी मी शरयूवहिनींच्या यजमानांकडं, केशवरावांकडं गेलो. केशवराव निवृत्त हेडमास्तर. गल्लीत कुणाचं नळाचं कनेक्शन अडो की पोराचं ॲडमिशन, सल्ला त्यांचा. त्यांनी कादंबरी पेन्सिलीनं खुणा करून वाचली होती.

"माझा मूळ आक्षेप वेगळाच आहे," ते म्हणाले. "ड्रोन उडवायला परवानगी लागते. लेखिकेनं ती घेतल्याचं कुठंच लिहिलेलं नाही."

"सर, माझ्या पोरीची सोयरीक मोडायला आली."

"तेही आहेच. पण परवानगीचा मुद्दा उरतोच." मंग त्यांनी डोळे मिटले अन् म्हणाले, "असं करा. विहीणबाईंना सांगा, त्या प्रतीत पानं उलटसुलट बांधली गेलीत. सदोष प्रत आहे. बदलून द्यायला आलो. ती प्रत काढून घ्या अन् दुसरं काहीतरी हातात ठेवा."

"पण वाण परत घ्यायचं नसतं."

"परत कुठं घेताय? बदलून देताय. ह्यात शास्त्राची हरकत नाही."

हेडमास्तरांनी शास्त्र सांगितलं म्हणल्यावर मला हुशारी आली. लोणच्यांच्या प्रकारांचं एक जाड पुस्तक घेतलं, रजा टाकली, मोटारसायकल काढली. अंकुशनगरच्या रस्त्यावर त्या दिवसांत गाळप जोरात असतंय. समोर उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर लोंबलेला ऊस, अन् मागं मी. ओव्हरटेक करायला गेलो की ऊस कानाखाली वाजायचा. त्यात अंतरवाली सराटीच्या चौकात मागचं चाक बसलं. पंक्चर निघेपर्यंत चहाच्या टपरीवर बसलो, तर तिथल्या माणसांनी कुठं निघालात विचारलं. मी म्हणलं, सोयऱ्यांकडं, पुस्तक बदलायला. एकानं लोणच्याचं पुस्तक हातात घेतलं, चाळलं अन् म्हणाला, "आंब्याच्या लोणच्यात मोहरी कमी सांगितली ह्यानं." मंग त्यावर वाद लागला. दोघं मोहरीच्या बाजूनं, एक विरोधात. पुस्तकावर चहा सांडला. माझं काम काय होतं ते कुणाला आठवेना, मलाच फक्त आठवत होतं.

कॉलनीच्या गेटवर वॉचमननं अडवलं. "कुणाकडं? काय काम?"

"काकासाहेबांकडं. पुस्तक बदलायचं हाय."

"वाचनालयाकडून आले का?"

"न्हाई. मी पाव्हणा हाय."

"पाव्हणा म्हणल्यावर पुस्तक कशाला? मिठाई कुठं हाय?"

ह्या माणसाचा मला इतका राग आला, पण तो बोलला ते खरं होतं. सोयऱ्याच्या दारात मी लोणच्याचं, चहा सांडलेलं पुस्तक घेऊन रिकाम्या हातानं चाललो होतो. मागं वळून मिठाई आणायला वेळ नव्हता. तसाच आत गेलो.

काकासाहेबांच्या क्वार्टरच्या दारात चपलांचा ढीग. मला वाटलं, काही बरंवाईट झालं का. आत डोकावलो. चौरंग मांडलेला. चौरंगावर लाल कपडा, लाल कपड्यावर 'अक्षता जरा थांबवा'. पुस्तकाला हळदकुंकू वाहिलेलं, कव्हरवरच्या नवरीच्या कपाळावर वरून अजून एक कुंकू. शेजारी समई, उदबत्ती. कॉलनीतल्या बायका डोक्यावर पदर घेऊन मांडी घालून बसलेल्या, अन् चौरंगासमोर उषाबाई, चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, पोथी वाचतात त्या लयीत वाचून राह्यल्या होत्या: "रेवाची मैत्रीण म्हणाली, यार, तू एवढी नर्व्हस काऽऽ आहेस..."

उषाबाईंच्या घरी वर्षानुवर्षं पोथी लागायची. त्यांना एकटीनं पुस्तक वाचायची सवयच नव्हती. पुस्तक म्हणजे पारायण. दुपारी सगळ्याजणी गोळा करायच्या, रोज एक अध्याय, शेवटी समाप्ती. वाणात आलेलं पुस्तक, त्यात लग्न, मंग तर विचारायलाच नको. त्यांनी मला खुणेनं बसवलं. एवढ्या बायकांत एकटा पुरुष मी, अन् माझ्या मांडीवर लोणचं. अध्याय संपेपर्यंत हलता येईना.

प्रसादाचा तिळगूळ हातात पडल्यावर मी विचारलं, "विहीणबाई, ते ड्रोनचं तुम्ही..."

"आवो, मागं एका लग्नात त्या ड्रोननं पंगतीतल्या पत्रावळ्या उडवल्या. वरणानं काकासाहेबांचा सदरा भरला. म्हणून म्हणलं नको."

"अन् पुस्तकात..."

"पुस्तकात कुठला ड्रोन? आम्ही आत्ता हळदीपर्यंत आलोय."

म्हणजे ड्रोनवाला अजून आलाच नव्हता! मला देव पावला. मी जल्दी जल्दी केशवरावांचं वाक्य बोलून टाकलं. प्रत सदोष हाय, पानं उलटी बांधलीत, बदलून द्यायला आलो.

"आतापर्यंत तर सगळी सुलटी हायेत," उषाबाई म्हणाल्या.

"पुढची उलटी हायेत. तुम्ही हे घ्या, हे बिलकुल सुलटं हाय."

त्यांनी लोणच्याचं पुस्तक बघितलं. मंग माझ्याकडं बघितलं. "पाव्हणे, पारायण अर्धं सोडत न्हाईत. अन् तुमच्याच पोरीचं लग्न हाय. दोष कुणाला लागंल?" सगळ्या बायकांनी मान हलवली. "रथसप्तमीला समाप्ती. तुम्ही, वंदनाताई, अन् यशश्रीला आणायचंच. त्या दिवशी रविवार हाय, नोकरीची अडचण सांगू नका."

मी लोणच्याचं पुस्तक तिथंच विसरून परत आलो.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दुपारचा चहा झाला की मला वाटायचं, आत्ता तिकडं अध्याय सुरू झाला. आज ड्रोनवाला आला असंल. आज त्यानं चहा केला असंल. ऑफिसात फाईल वाचता वाचता उठायचो, खिडकीपाशी जायचो, परत यायचो. अण्णासाहेब म्हणाले, "तुमच्या खुर्चीला काही टोचतं का?" घरी फोन वाजला की मी वंदनाच्या आधी. दोनदा विमेवाल्याला 'बोला विहीणबाई' म्हणलो. यशश्रीला ताप आल्याचं सांगू, असं मी सुचवलं, तर वंदनानं लाटणं हातात घेऊनच विचारलं, "पोरीला ताप यावा म्हणताय?" विषय संपला.

रथसप्तमीला आम्ही तिघं गेलो. मिठाई नेली, भरपूर नेली, वॉचमनला मुद्दाम दाखवून नेली. वाटेत भाड्याच्या गाडीत यशश्री खिडकीबाहेर बघत होती. मी तिला म्हणलं, "तिथं कुणी काही विचारलं तर पुस्तक छान हाय म्हणायचं, बस." ती "बरं" म्हणाली.

घर भरलेलं. बायका आत चौरंगाभोवती, पुरुष बाहेर आणलेल्या खुर्च्यांवर, अन् मी उंबऱ्यात, अर्धा आत, अर्धा बाहेर. तिथून मला यशश्री दिसत होती. उषाबाईंनी शेवटच्या अध्यायाचं पान काढलं, चष्मा पुसला, अन् पुस्तक तसंच मांडीवर ठेवलं.

"काल रेवा मांडवातून गेली," त्या म्हणाल्या. "शेवट वाचायच्या आधी ज्यानं त्यानं सांगावं, आपल्याला काय वाटलं."

कौसल्या नावाची शेजारीण पदर खोचूनच बसली होती. "त्या रेवीला दोन लावायला पाह्यजेत. डॉक्टरच्या आईनं पुरणाचा सैपाक करून ठेवल्ता. तो कुणी खाल्ला?"

"डॉक्टर लई गप असतंय वो," दुसरी म्हणाली. "गप माणसाचं बाईनं करावं काय? आमचेबी तसलेच." बाहेर कुणीतरी खोकललं.

"मला तर ड्रोनवाल्यावर भरवसा न्हाई. लग्नसराई संपली की त्याला काम काय?"

मला बरं वाटायला लागलं. समाज अजून जागेवर होता. मंग उषाबाई बोलल्या. "मला एकच कळंना. ती मांडवात गेलीच कामून? हळद लागायच्या आधी बोलली असती तर? पण मंग मी म्हणलं, बोलणार कुणापाशी. आमच्या वेळंला मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, मलाच ठाऊक न्हाई." त्या यशश्रीकडं वळल्या. "यशश्री, तुला काय वाटलं गं?"

मी उंबऱ्यातून डोळ्यांनी खुणा केल्या. छान म्हण. छान हाय म्हण.

"मला रेवाचा राग आला," यशश्री म्हणाली. मी खुणा थांबवल्या. "इतक्या लोकांतून उठून गेली, पण त्याच्या आधी घरात एक वाक्य बोलली न्हाई. मंग वाटलं, मी तरी कुठं बोलले?"

"मंग बोल की आता."

"मिथुन मला आवडले का न्हाई, हे मला माहीतच न्हाई, काकू. वाईट काहीच न्हाई त्यांच्यात. पण मुलगी पाह्यच्या दिवशी त्यांनी मला एकच विचारलं, लग्नानंतर नोकरी करायची का. त्याचं उत्तर पप्पांनी दिलं."

"काय दिलं?"

"तुम्ही म्हणाल तसं, म्हणले."

मी "यशे!" म्हणून ताडकन उठलो. पण इतका वेळ उंबऱ्यात बसून माझ्या पायाला मुंग्या आल्त्या. पाय होता, पण माझा नव्हता. मी सरळ आत, कौसल्याबाईंच्या ताटातल्या तिळगुळावर. सोयऱ्याच्या घरी, समाप्तीच्या दिवशी, भर बायकांत मी हातापायावर, अन् शर्टाला तीळ. काकासाहेबांनी बगलेत हात घालून उठवलं. वंदनानं नुसतं बघितलं. ते बघणं मी बरेच दिवस विसरणार न्हाई.

"मिथुनला बोलवा," उषाबाई म्हणाल्या. "जा, दोघं बाहेर जाऊन बोलून या. पोथी थांबली."

"विहीणबाई, पोथी थांबवत न्हाईत म्हणून तुम्हीच तर..." मी तीळ झटकत म्हणलं.

"पुस्तकातली पोरगी कुठं जात न्हाई, पाव्हणे. ही आपली हाय."

मिथुन ड्युटीवरून तसाच आलेला, अंगाला मळीचा वास, केसात टोपीची खूण. दोघं कॉलनीच्या रस्त्यानं लिंबाखाली जाऊन उभे राह्यले. खिडकीत बायकांची दाटी. मी फाटकापासून लिंबाकडं बघत इकडून तिकडं चालायला लागलो. थोड्या वेळानं बघतो तर काकासाहेब तिकडून इकडं चालून राह्यलेत. दोनदा आमची टक्कर होता होता राह्यली.

"अंगदराव," काकासाहेब हळूच म्हणाले, "पोरगी न्हाई म्हणली तर?"

मला वाटत होतं, भीती फक्त पोरीच्या बापाला असते.

"पोरगं आमचं जेवताना मोबाईल बघतंय," ते म्हणाले. "मी काही विचारलं की 'चालंल' म्हणतंय. त्याच्या मनात काय हाय, मला काय माहीत?"

"माझी पोरगी 'बरं' म्हणती," मी म्हणलं.

मंग आम्ही एकाच दिशेनं चालायला लागलो.

दोघं परत आली. यशश्री माझ्यासमोर येऊन थांबली. सगळा जमाव आमच्याभोवती, केशवराव असते तर त्यांनी परवानगी विचारली असती.

"पप्पा, मला एप्रिल नको. आम्हाला अजून भेटायचंय, बोलायचंय. त्याच्यानंतर काय ते सांगू."

"काका, मलाबी तेच म्हणायचं होतं," मिथुन म्हणाला. "पण पत्रिका छापायला गेली म्हणले, म्हणून गप बसलो."

माझ्या डोक्यात मंगल कार्यालय आलं. बँडवाला आला. अण्णासाहेबांचं तोंड आलं. नात्यातला एक न् एक माणूस येऊन कानात बोलून गेला. मी तोंड उघडलं. अन् तेवढ्यात मला दिसलं, की यशश्री मिथुनकडं बघत न्हाई, उषाबाईंकडंबी न्हाई. ती माझ्याकडं बघून राह्यली, अन् तिची हनुवटी हलून राह्यली. जालन्यात एकटी नोकरी करणारी, साहेबाला तोंडावर उत्तर देणारी माझी पोरगी, तिला माझी भीती वाटत होती. माझी! ज्याला वॉचमनसुद्धा भीत न्हाई. सरळ सांगतो, माझं आतडं तुटलं.

"मंडळी," मी म्हणलं. भाषणाची सवय, दुसरं सुरूच करता येत न्हाई मला. "मंडळी, एप्रिल न्हाई. पोरं म्हणतील तवा. अन् न्हाई म्हणाली तर न्हाई. कार्यालयाचं, पाव्हण्यारावळ्यांचं मी बघून घेतो." एवढं बोललो अन् नाक पुसलं. काकासाहेब म्हणाले, "बराबर हाय." कौसल्याबाई म्हणाल्या, "आता तरी कुणी शेवट वाचा गं, सैपाक निवून चाललाय."

उषाबाई चौरंगासमोर बसल्या, ओळीवर बोट ठेवलं अन् वाचायला लागल्या. ह्या वेळंला मी उंबऱ्यात बसलो न्हाई, आत बसलो, यशश्रीच्या शेजारी. तिनं माझ्या शर्टावरचा राह्यलेला तीळ काढला.

"पप्पा, रागावलात?"

"न्हाई."

"खरं सांगा."

"रागावलो. तुझ्यावर न्हाई."

रेवानं शेवटी कुणाशी लग्न केलं ते मला विचारू नका, मला ऐकूच आलं न्हाई. यशश्रीनं माझा हात धरला होता, अन् शेवटचं पान होईपर्यंत तिनं तो सोडला न्हाई.